शिवयोगींचा सहाचा फोन

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५.
सकाळी सहा दहाला उठले. आज पाण्याचा दिवस नाही. नाश्त्याला उपमा. समोर मंडळाच्या हॉलमध्ये मोफत नेत्रतपासणी शिबिर होते. साडेआठपासून माणसे जमू लागली. दहा वाजता मोजली तेव्हा चौसष्ट होती. डॉक्टर आले नाहीत. त्यांची गाडी टेंभुर्णीजवळ बंद पडली असे कळले. एक वाजता सर्वांना परत पाठवले. मीनाबाईचे यजमान नागनाथ आले होते, तेही गेले. दुपारी झोप नाही. शिवयोगी अक्कलकोटला, बहिणीकडे. त्यांचा फोन नाही. नाशिकहून मुलीचा फोन, सात मिनिटे. रात्री ताक-भाकरी.

ही नोंद माझ्या अठ्ठावन्नाव्या वहीतली आहे. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात होते तेव्हा सिस्टर दर शनिवारी मुलींच्या डायऱ्या तपासत. जे पाहिलं ते लिहायचं, जे वाटलं ते प्रार्थनेत सांगायचं, असा त्यांचा नियम होता. प्रार्थना मी केव्हाच सोडली, नियम राहिला. त्यामुळे शिवयोगी म्हमाणे हे नाव माझ्या गेल्या अकरा वह्यांत जवळजवळ रोज आहे, आणि हे गृहस्थ कसे होते ते एकाही पानावर नाही. म्हणून ते वेगळ्या कागदावर लिहिते आहे.

आमच्या कॉलनीत, माझ्या घरासमोर, एका सेवा मंडळाचा हॉल आहे. त्याच्या मागच्या अंगाला एक खोली. तिथे शिवयोगी एकटे राहत. उंच, थोडे वाकलेले, उन्हाळ्यातसुद्धा मनगटापाशी गुंडी लावलेल्या पूर्ण बाह्या. खिशाला कायम दोन पेनं. एक लिहायला, दुसरं मागणाऱ्याला द्यायला. दुसरं बहुधा परत येत नसे, पण पहिलं तरी वाचतं असं ते म्हणत.

काय करता म्हणून विचारलं की ते ‘पत्रकं लिहितो’ एवढंच सांगत. शाळांचे, वाचनालयांचे, मंडळांचे कार्यक्रम असतात, त्यांची बातमी पेपरवाल्यांना लिहून द्यायची हे त्यांचं काम. मंडळाच्या सचिवांनी त्यांना एकदा कार्डं छापून दिली होती, ‘जनसंपर्क प्रमुख’ अशी. त्यातली एक घडी करून ते खोलीच्या दाराच्या फटीत खोचत, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. बाकीची शेवटपर्यंत डबीत होती.

गाव अक्कलकोट तालुक्यातलं, घरची भाषा कन्नड. सोळाव्या वर्षी सोलापुरात आले ते शुक्रवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला. शिशाची अक्षरं उलटी असतात, त्यामुळे ‘मराठी मी आधी उलटी शिकलो, अक्का, सरळ वाचायला नंतर यायलं,’ असं ते मला सांगत. मग एका दैनिकात शहराच्या पानावर वीस-एक वर्षं काढली. ते दैनिक बंद पडलं. त्याच्या आदल्या वर्षी बायको गेली होती. मूलबाळ नव्हतं. अक्कलकोटला धाकटी बहीण, जगदेवी, तेवढंच रक्ताचं माणूस. ते मला अक्का म्हणू लागले कारण मी त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी, आणि मोठी बहीण त्यांना नव्हती.

त्यांच्या कामाची एक रीत इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेपरांतलं शहराचं पान संध्याकाळी लवकर भरतं, आणि कार्यक्रम असतात संध्याकाळी. म्हणून पत्रकं लिहिणारे सगळेजण कार्यक्रमाच्या आधीच, सकाळी, तो झाल्यासारखं लिहून ठेवतात. ‘पार पडला’, ‘मार्गदर्शन केले’, ‘आभार मानले’. दुपारपर्यंत ते कागद पेपरांच्या कचेरीत पोचलेले असतात. न आलेले पाहुणे भाषण करून जातात. एका वक्त्याचं वृक्षारोपणावरचं भाषण फोटोसकट छापून आलं, आणि ते गृहस्थ त्या दिवशी मोडनिंबला सासऱ्यांच्या दहाव्याला बसले होते. बायकोनं पेपर वाचून त्यांना विचारलं की दहाव्याला तुमच्या जागी कोण बसलं होतं. ही गोष्ट शिवयोगी रंगवून सांगत.

तेही आधीच लिहीत. पण आकड्यांच्या जागा कोऱ्या ठेवत, आणि कागदाच्या डोक्यावर पेन्सिलीनं ‘फोन येईपर्यंत थांबावे’ असं लिहीत. कार्यक्रमाला स्वतः जाऊन शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत. माणसं मोजत. आणि सहा वाजता बाहेर येऊन पाचही पेपरांना फोन करत. ‘झालं. पासष्ट. सोडा.’ पाहुणा आला नसेल तर ‘झालं. दुसरा परिच्छेद काढा.’ कार्यक्रम बारगळला असेल तर फोन करत नसत, आणि फोन नाही म्हणजे बातमी नाही हे पाचही ठिकाणी माहीत होतं. पंधरा वर्षं हे असं चाललं. म्हमाणे सरांचं पत्रक कुणी पडताळत नसे.

फोन आटोपून साडेसहाला ते माझ्याकडे येत. दुसऱ्या दिवशीचं पत्रक माझ्यापुढे धरत आणि व्हरांड्यात बसत. आमचे हे होते तोवर त्या दोघांच्या गप्पा रंगत आणि मी आत असे. हे गेल्यावर पत्रक वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी वार आणि तारीख जुळते का पाहत असे, नावांची आद्याक्षरं पाहत असे.

“यात ‘उत्साहात’ नाही घातलंत?” मी एकदा विचारलं.

“मोजता येत नाही की, अक्का.”

“सगळेच घालतात.”

“घालू देत. त्यांच्याकडे उत्साह लई आहे.”

पाऊण तास बसत, कधी तासभर. गप्पा फार होत असं नाही. माझ्या मुलीला काळजी वाटायची की मी दिवसभर कुणाशी बोलते तरी का. मी तिला सांगत असे, बोलते, साडेसहाला.

त्या शनिवारी त्यांनी शिबिराचं पत्रक आणलं. ‘शिबिरात ___ रुग्णांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ___ जणांची मोफत शस्त्रक्रियेसाठी निवड करण्यात आली.’ मी वार तपासला, एका डॉक्टरांचं आद्याक्षर दुरुस्त केलं आणि कागद परत दिला. रविवारी पहाटे जगदेवी मोरीत पाय घसरून पडली. शिवयोगी पहिल्या एसटीनं अक्कलकोटला गेले. जाताना फाटकातूनच मला सांगितलं, “खुब्याला लागलंय म्हणे. शिबिराचं चन्नवीर बघतील.”

चन्नवीर म्हणजे मंडळाचे सचिव. पन्नाशीचे, गोड बोलणारे, कामाला वाघ. मंडळ त्यांच्यामुळेच चालतं हे खरं आहे.

त्या दिवशी काय झालं ते वर नोंदीत आहे. काय झालं नाही ते नोंदीत नाही. सहा वाजता माझा फोन माझ्यासमोर टेबलावर होता. शिबिर झालं नाही हे मला माहीत होतं, आणि सहा वाजता शिवयोगी काय करतात हेही. एकदा वाटलं, कळवावं. मग वाटलं, ते विचारूनच सांगतील, इतकी वर्षं करताहेत, मी कशाला मध्ये पडू. पण खरं कारण ते नव्हतं. बहिणीकडून ते मला आपण होऊन फोन करतील, जगदेवीचं कसं आहे ते सांगतील, अशी मी सकाळपासून वाट पाहत होते. मी आधी केला असता तर मग त्यांनी केला असं झालं नसतं. शहात्तराव्या वर्षी असला हिशेब मी करत बसले होते. सव्वासात वाजता उठले आणि भाकरी टाकली.

तिकडे त्यांनी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून चन्नवीरांना फोन लावला होता. झालं का, किती. चन्नवीर म्हणाले, “झालं, झालं. एकशे बारा धरा. ऑपरेशनला अठरा.” ते मागच्या वर्षीचे आकडे होते. शिवयोगींनी पाच फोन केले. झालं. एकशे बारा, अठरा. सोडा.

सोमवारी चार पेपरांत बातमी आली.

मंगळवारी मीनाबाई कामाला आली ती तोंड पाडूनच. ती माझ्याकडे नऊ वर्षं भांडी-फरशी करते. नागनाथ टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मागावरचा तुटलेला धागा दिसेना, म्हणून दिवाळीपासून घरी.

“काय झालं गं?”

“काय न्हाई. बोलत न्हाई मी त्या माणसाशी.”

“कोणाशी?”

“आमच्या मालकाशी. दम म्हनून न्हाई. जरा घंटाभर थांबला असता तर त्या अठरात नाव लागलं असतं की.”

मी हातातली भाजी ठेवली. “मीनाबाई, डॉक्टर आलेच नाहीत. मी इथेच बसले होते.”

“तुमी दुपारी झोपला असाल.”

“झोपले नव्हते.”

“मग मागल्या दारानं आलं असतील. पेपरात आलंय न्हवं? म्हमाणे सरांनी दिलंय म्हनल्यावर खोटं कसं आसंल? शेजारच्या अंकितानं दोनदा वाचून दावलं.”

“नागनाथ काय म्हणतो?”

ती थोडा वेळ घासत राहिली. “आधी म्हनला, एकबी डॉक्टर आला न्हाई. मी पेपर फुडं केला. मग गप बसला. रातीला म्हनतो, आलं असतील, मला कुटं नीट दिसतंय.”

नंतर ती म्हणाली, “व्हय की बाई. त्याला दिसलं नसंल.”

मी तिला माझी वही दाखवू शकले असते. ती वाचू शकत नाही. आणि वाचता आली असती तरी माझ्या वहीपेक्षा तिनं पेपर खरा मानला असता.

शिवयोगी बुधवारी आले. जगदेवीचं हाड मोडलं नव्हतं, पण तिला चालता येत नव्हतं. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी ते माझ्याकडे आले ते सकाळी अकराला. अकरा वर्षांत ते सकाळी कधी आले नव्हते. गल्लीच्या तोंडाशी मीनाबाईनं त्यांना गाठलं होतं आणि नागनाथचं नाव अठरांच्या यादीत घालायची विनंती केली होती. ते तसेच मंडळात गेले, शिबिराची नोंदवही मागितली. नोंदवहीचं पान कोरं होतं.

ते बसले नाहीत. “अक्का, रविवारची वही काढा.”

चष्मा माझ्या कपाळावरच होता. तरी मी तो शोधायला थोडा वेळ लावला. मग वाचलं.

“डॉक्टरांचं परत वाचा.”

“डॉक्टर आले नाहीत.”

“चौसष्ट तुम्ही मोजले?”

“दहा वाजता.”

ते व्हरांड्याच्या खांबाला हात लावून उभे होते. “सहाला तुम्हाला माहीत होतं म्हणजे.”

“होतं.”

“मला फोन का केला नाहीत?”

“तुम्ही कराल असं वाटलं,” मी म्हणाले. त्यांना ते बातमीविषयी वाटलं. मी तसंच राहू दिलं.

“तुम्ही सांगितलं असतं तर मी थांबवलं असतं,” ते म्हणाले. रागानं नाही. वार चुकलाय हे मी त्यांना दाखवत असे, तशा आवाजात. मग म्हणाले, “तुमची काय चूक. खुर्ची माझी. पंधरा वर्षं बसलो, एक दिवस बसलो नाही.”

त्या संध्याकाळी साडेसहाला ते आले आणि त्यांच्यामागून चन्नवीरही आले. चन्नवीरांनी मला वाकून नमस्कार केला, पाणी मागून घेतलं.

“सर मनाला फार लावून घ्यायलेत, अक्का. तुम्ही तरी सांगा. शिबिर मी मार्चमध्ये घेतोच की. एकशे बाराच्या वर नेतो. मग फरक काय राहिला?”

“मार्चची बातमी मार्चमध्ये देऊ,” शिवयोगी म्हणाले.

“कुणी विचारलंय का तुम्हाला? एक फोन आलाय का?”

“न विचारणारेच लई आहेत, चन्नवीर. एक जण स्वतःच्या डोळ्याला खोटं म्हणून घरात बसलाय.”

“त्याला आपण वेगळं दाखवून आणू. माझ्या गाडीनं नेतो उद्या.” हे ते मनापासून म्हणाले, मला तसं वाटलं. “पण खुलासा दिला तर मंडळाचं नाव जातं. अहवालात कात्रण लागलंय. वीस वर्षांचं काम आहे, सर. एका गाडीच्या बिघाडापायी घालवायचं?”

शिवयोगींनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं.

“आणि बघा, समितीला मी आवरू शकणार नाही. ते म्हणणार, आपल्याच खोलीत राहून आपल्याच विरुद्ध लिहितात. मी धमकी देत नाही. आठवण करून द्यायलोय.”

मग ते माझ्याकडे वळले. “अक्का, तुमच्याकडे काय लिहिलंय ते कोण बघायला येणार आहे? घरातली वही घरात राहू दे.”

मला काय हवं होतं ते मला त्या वेळी अगदी स्पष्ट कळत होतं. चन्नवीरांचं ऐकावं, खुलासा देऊ नये, मार्चमध्ये शिबिर व्हावं, आणि संध्याकाळी साडेसहाला सगळं पूर्वीसारखं असावं. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं, माझ्या बोलण्यावर काही अडलं नव्हतं. पण त्यांनी मला विचारलं होतं.

“चौसष्ट माणसं होती,” मी म्हणाले. “एक वाजेपर्यंत उन्हात बसली होती. मी मोजली आहेत.”

चन्नवीरांनी उरलेलं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. “बरं मग,” म्हणाले, आणि गेले.

शिवयोगींनी खुलासा तिथेच, मांडीवर वर्तमानपत्र ठेवून लिहिला. इतर वेळी ते घरून लिहून आणत. मी त्यांना लिहिताना पहिल्यांदाच पाहिलं. प्रत्येक शब्दाआधी पेन थोडं वर धरत, खिळा हातात घेतल्यासारखं. मग कागद माझ्याकडे दिला.

‘सोमवारी प्रसिद्ध झालेले नेत्रतपासणी शिबिराचे वृत्त चुकीचे आहे. डॉक्टर पोहोचू न शकल्याने शिबिर झाले नाही. कोणाचीही तपासणी अथवा निवड झालेली नाही. हे वृत्त मी स्वतः न पाहता दिले. रविवारी जे चौसष्ट जण आले होते, त्यांनी पाहिले ते बरोबर होते. — शिवयोगी म्हमाणे.’

“शेवटचं वाक्य खुलाशाचं वाटत नाही,” मी म्हणाले.

“नाही वाटत.”

“काढणार?”

“नाही. ते नागनाथचं आहे.”

मी वार आणि तारीख तपासली. बरोबर होतं सगळं.

दुसऱ्या दिवशी ते स्कूटरवरून पाचही कचेऱ्यांत स्वतः गेले. संध्याकाळी माझ्याकडे बसलेले असताना एका पेपरातल्या अजिंक्यचा फोन आला. शहराचं पान बघणारा तरुण उपसंपादक. शिवयोगींना ऐकायला कमी येई, म्हणून ते फोन मोठ्यानं लावत.

“सर, कशाला हे? कुणाची तक्रार नाही, काही नाही.”

“माझी आहे की.”

“छापलं तर आमचंच हसं होणार. न बघता छापलं म्हणतील.”

“न बघताच छापलं ना.”

“तुमच्या शब्दावर सोडलं होतं, सर.”

“म्हणून तर द्यायलोय.”

“एक सांगू का? राग मानू नका. साहेब म्हणाले, इथून पुढं म्हमाणे सरांची पत्रकंपण तपासून घ्यायची. कार्यक्रमाचा फोटो टाकत जा, लोकेशनसकट.”

“राग कसला. आधीपासून मागायला पाहिजे होतं तुम्ही.”

फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, “लोकेशनसकट म्हणजे कसं पाठवायचं, अक्का?” ते मलाही माहीत नव्हतं.

शुक्रवारी एका पेपरात खुलासा आला. सहाव्या पानावर, खाली, ‘हरवले आहे’ची एक जाहिरात आणि वीज बंद राहण्याची सूचना यांच्या मधे. बाकीच्या चारांत आला नाही. जिथे आला तिथेही शेवटचं वाक्य नव्हतं. जागा पुरली नसेल.

त्या संध्याकाळी ते साडेसहाला आले नाहीत. मीनाबाईकडून शनिवारी कळलं, ते तिच्याच घरी गेले होते. पेपरातलं कात्रण नव्हतं नेलं. हातानं लिहिलेला कागद नेला आणि नागनाथला समोर बसवून सगळा वाचून दाखवला. शेवटचं वाक्य दोनदा.

“मग काय म्हणाला नागनाथ?”

“म्हनला, म्हंजे मला दिसलं होतं.”

“आणि?”

“आनि काय. जेवला नीट.” ती फरशी पुसता पुसता थांबली. “मी सरांना इचारलं, मग पुढलं शिबिर कदी? तर म्हनले, मला ठाऊक न्हाई. लई सरळ मानूस, बाई. पन त्याचा उपेग काय आमाला?”

सोमवारी शिवयोगी नागनाथला स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. चार तास रांगेत बसले. सतरा एप्रिल ही तारीख मिळाली. ती मी माझ्या वहीत लिहून ठेवली आहे, कारण मीनाबाईकडचा कागद हरवण्याची शक्यता आहे.

मंडळाचं पत्र वीस तारखेला आलं. खोली साहित्य ठेवायला हवी होती. भाषा चांगली होती, सहकार्याबद्दल आभार होते. शिवयोगींनी ते मला वाचायला दिलं आणि म्हणाले, “एकच चूक आहे, बघा.” मी पाहिलं. वार चुकला होता.

शाळा-वाचनालयांची कामंही एकेक करून थांबली. कुणी भांडलं नाही. पत्रकं आता मोबाईलवरून जातात, मुलं लिहितात, असं सांगितलं. ते खरंही असेल. मी म्हणाले, माझ्या मागच्या खोलीत राहा, ती रिकामीच आहे. ते म्हणाले, लोक काय म्हणतील ते सोडा, पण जगदेवीला काठी धरून मोरीपर्यंत न्यायलाही माणूस नाही.

अठ्ठावीस तारखेला दुपारी छोटा टेम्पो आला. एक लोखंडी कपाट, स्टोव्ह, वळकटी, कात्रणांच्या चार फायली. फायली त्यांनी रद्दीत टाकाव्यात की न्याव्यात हे ठरत नव्हतं, शेवटी टेम्पोवाल्यानंच विचारलं आणि उचलून ठेवल्या. निघताना ते फाटकापाशी आले.

“फोन करतो, अक्का.”

मी म्हणणार होते, त्या रविवारी मी तुमच्या फोनची वाट पाहत बसले होते, म्हणून मी केला नाही. वाक्य तयार होतं. टेम्पो सुरू होता, त्याचा आवाज होता, आणि त्यांना ऐकायला कमी येतं. मी म्हणाले, “पोचलात की करा.”

“सहाला करतो,” ते म्हणाले.

सहाला केला. जगदेवी बरी होती. टेम्पोत स्टोव्हचं तेल सांडून वळकटीला लागलं होतं. दोन मिनिटं झाली आणि मग मागे कुणीतरी कन्नडमध्ये हाक मारली, ते ‘बरं मग’ म्हणाले. मी साडेसहापर्यंत व्हरांड्यातच होते. समोरच्या खोलीचं दार उघडंच होतं, ते वाऱ्यानं आपटत होतं. मंडळाच्या शिपायानं येऊन ते लावलं.

मग आत येऊन वही काढली आणि त्या दिवसाचं लिहिलं. शेवटची ओळ अशी आहे:

वाळत घातलेले कपडे सव्वासहाला काढले. फाटकाला कुलूप सहा चाळीसला लावले.